पाळीवरून लिहिलेलं वय

२८ मार्च १९८८, सोमवार. जुनं रजिस्टर शिवणीतून सुटलं होतं, म्हणून उपकेंद्राच्या ओसरीत बसून मी पात्र जोडप्यांची यादी नव्या रजिस्टरात उतरवत होते. पात्र जोडपं म्हणजे ज्यांना अजून मूल होऊ शकतं असे नवराबायको. बायको पंधराच्या वर आणि पंचेचाळीसच्या आत. अशा प्रत्येक जोडप्याला एक ओळ. ओळीत बायकोचं वय, मुलं किती, शेवटचं केवढं, ऑपरेशन झालं का, नसेल तर का नाही. हा 'का नाही' चा रकाना सगळ्यात तापदायक. दर महिन्याला वरून कोणीतरी यायचं आणि त्याच रकान्यावर बोट ठेवायचं. ज्या बायका यादीतून सुटल्या त्यांची नावं रजिस्टरच्या मागच्या पानांवर, समोर कारण. कोणी वारली, कोणाचा नवरा वारला, कोणाची पाळी गेली.

मी त्या उपकेंद्राची नर्स. गाव मूल या शहराच्या पुढे, धानाचं, आणि शेवटच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, लागून जंगल. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. माझी पाळी नियमित यायची आणि त्या सोमवारी दुसरा दिवस होता. कंबर धरली होती म्हणूनच फिरती सोडून लिहायला बसले होते. हे सांगणं इथे गरजेचं आहे, म्हणून सांगते.

साडेअकराच्या सुमारास ती आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली, म्हणजे सकाळपासून जंगलात होती. टोपली पायरीवर ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि खाली बसली. केस निम्म्याहून जास्त पांढरे, पुढचे दात गेलेले, उरलेले नस घासून काळे. नस म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडे बायका ती दिवसातून चारदा दाताला लावतात, भूक मरते म्हणून. गेली चार वर्षं मी तिला मावशी म्हणत होते आणि ती मला बाई.

"बाई, मले वयाचा दाखला पायजे."

"कशाला, मावशी? दुसरं लग्न करता का काय?"

"करीन त. आंदी नोकरी लागू द्या, मंग पोरगा पसंत करू."

मग तिने सांगितलं. गावात अंगणवाडी उघडणार होती. सेविका बाहेरून येणार, पण मदतनीस गावातली हवी. पोरांना घरून आणायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, झाडायचं. गावाच्या सभेत हिचं नाव सुचवलं गेलं होतं. नवरा दोन वर्षांपूर्वी बल्लारपूरकडे कामाला गेला तो तिकडेच दुसरी करून राहिला, घरात दोन मुली, शेत नाही, आणि पोरं सांभाळायला हिच्यासारखं कोणी नाही हे सगळ्यांना माहीत. विरोध कोणी केला नव्हता. फक्त अंगणवाडीच्या मुख्यसेविकेने विचारलं होतं, वय किती? अट चाळीसच्या आतली. शाळेचा दाखला नसेल तर डॉक्टरांचा आणा, आणि उद्या संध्याकाळच्या आत आणा.

मी हसले. लपवत नाही, हसलेच.

"मावशी, तुम्ही आणि चाळीसच्या आत?"

"हासता काऊन? मी तुमच्याहून लाहान आहो."

"कशावरून?"

"चांद्याच्या दीक्षेले मी सहा वर्साची होती."

चांद्याला छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा झाली, आणि आमच्या भागात बौद्ध घरांतून वय त्यावरूनच मोजतात. कोणी दीक्षेच्या आधीचा, कोणी नंतरचा, कोणी त्या साली पोटात. पण 'सहा वर्षांची' असं नेमकं कोणी म्हणत नाही. मी पेन खाली ठेवलं.

"सहाची होतीस हे तुला कोणी सांगितलं?" नकळत मी अहो-जाहो सोडलं होतं.

"सांगन कोन? मले दिसते अजून. मायनं राखीच्या पान्यात लुगडं धुतलं, तिच्यापाशी पांढरं दुसरं नव्हतं. आमी बैलगाडीनं गेलो. तिथी मानसं इतले का बापानं मले खांद्यावर घेतलं. मी त्याच्या डोक्यावर तोंड टेकवून बसली होती, अन् धक्का लागला, अन् माझा पुढचा दात पडला. दुधाचा. हालूनच राह्यला होता. बापाच्या डोक्यावर रगत. त्याले वाटलं कोनी गोटा मारला!" ती हसली. मग बोटाने वरची हिरडी दाखवली. "हा. मधला."

दुधाचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. एवढं कोणत्याही नर्सला माहीत असतं. दीक्षा छप्पनची. म्हणजे ती पन्नासच्या आसपास जन्मलेली. म्हणजे त्या दिवशी सदतीस, फार तर अडतीस. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

मी रजिस्टरची मागची पानं उलटली. तिचं नाव सापडायला वेळ लागला नाही. तीन वर्षांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात: वय ४६, पाळी बंद, यादीतून वगळले.

त्याच पानावर अजून चार बायका होत्या. चौघींचं वय शेहेचाळीस.

आता ही शेहेचाळीसची गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मी अहेरीकडच्या एका केंद्रावर होते. तिकडच्या माडिया आदिवासी पाड्यांतून बायका पाळीत गावाबाहेरच्या कुरम्यात जाऊन राहतात. कुरमा म्हणजे त्या दिवसांपुरती बसायची झोपडी. कोण जातं आणि कोण जायची थांबली हे पाड्यात सगळ्यांना दिसतं, विचारायची गरज नसते. मला तिथे पहिल्यांदा दिसलं की जायची थांबलेल्या बायकांत काहींच्या कडेवर अंगावरचं पोर आहे, आणि ते नातवंड नाही, स्वतःचं आहे. पोर दोनचं झालं, तीनचं झालं, अंगावरून तुटलं, तरी पाळी परत आली नाही. पस्तिशीच्या आतबाहेरच्या बायका. मी रजिस्टरात तसंच लिहिलं: वय अंदाजे ३४, पाळी बंद.

महिनाअखेरीस आमच्या पर्यवेक्षिका आल्या. त्या नागपूरच्या, अनुभवी, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"चौतीस आणि पाळी बंद? काय शिकवलं तुम्हाला ट्रेनिंगमध्ये? पंचेचाळीस ते पन्नास. एक तर बाई खोटं बोलते ऑपरेशन टाळायला, नाही तर तुम्ही वय चुकवलं."

"बाई, त्यांना वय माहीतच नसतं."

"मग झालं. पाळी गेली ना? शेहेचाळीस लिहा. पुढच्याला प्रश्न पडायला नको."

मी शेहेचाळीस लिहिलं. ती ओळ मागच्या पानावर गेली आणि त्या बाईबद्दल मला पुन्हा कोणी काही विचारलं नाही. हे फार सोयीचं होतं. पाळी गेलेली बाई पात्र जोडप्यांत ठेवली की दर महिन्याला विचारणा, ऑपरेशन का नाही, तांबी का नाही, तुम्ही करता काय. शेहेचाळीस लिहिलं की सगळं गप्प. पुढे बदली होऊन मी धानाच्या पट्ट्यात आले, पण सवय बरोबर आली. वय माहीत नसलेल्या बाईला मी दोनच प्रश्न विचारायचे. पोरं किती? महिना येतो का? नाही म्हणाली की लिहायचं. शेजारच्या उपकेंद्रातल्या नर्सही तेच करायच्या, कारण त्यांनाही कोणीतरी तेच सांगितलं होतं. पुस्तकात होतं म्हणून आम्ही लिहिलं, आणि आम्ही लिहिलं म्हणून जिल्ह्याच्या कागदांवर सगळ्या बायकांची पाळी अगदी पुस्तकाप्रमाणे जात होती. कोणी त्या कागदांवरून काही अभ्यास केला असेल तर त्याला आमच्या जंगलात काहीच वेगळं दिसलं नसणार.

"काय लिवलं आहे तिथी?" तिने विचारलं.

"काही नाही. उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ. दाखला ते देतात, पण रजिस्टर माझं बघतात."

"तुमी याल त काम होईल," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली. नव्या रजिस्टरात तिची ओळ मी कोरी ठेवली. तिथे सदतीस लिहिता आलं असतं. पण मग समोर कारण काय लिहायचं? आणि चौघींचं काय करायचं? मी बाकीची नावं उतरवत राहिले, आणि चौघींच्या पुढे मात्र जुन्या शेहेचाळीसमध्ये तीन मिळवून एकोणपन्नास लिहिलं.

मंगळवारी सकाळच्या बसने आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. त्या दिवसाचा मोह तिने सोडला होता. मोह पडायचे दिवस पंधरा-वीस, त्यातली एक सकाळ गेली म्हणजे ढोरांनी खाल्लं. अंगावर धुतलेलं लुगडं, केसांना तेल. तेलाने पांढरे केस जास्तच उठून दिसत होते आणि मला ते तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

डॉक्टर तरुण होते, तिशीचे. माणूस वाईट नव्हता, साप चावलेल्यासाठी धावत जायचा. दाखला अंगणवाडीच्या जागेसाठी आणि आज संध्याकाळपर्यंत हवा, असं मी सांगितलं. त्यांनी तिला नीट पाहिलं आणि विचारलं.

"वय काय, बाई?"

"सदतीस-अडतीस."

"कशावरून?"

तिने दीक्षेची आणि दाताची गोष्ट सांगितली. मला सांगितली तशीच, पण हात जोडून आणि न हसता. ऐकून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "दातावरून वय बैलाचं सांगतात."

दारातला शिपाई खो-खो हसला. ती पण थोडी हसली. मोठ्या माणसाने विनोद केला की हसायचं असतं म्हणून.

"आता तोंड उघडा. आणि हे दात अडतीसचे?"

"नसीनं गेले, साहेब. अन् दर बाळंतपनात एक-एक."

"बाळंतपणं किती?"

"आठ."

"जिवंत?"

"दोन पोरी."

"पाळी येते?"

"नाई येत."

"कधीपासून?"

"चार साल होतील."

"मग झालं तर." त्यांनी माझ्याकडे हात केला, मी रजिस्टर दिलं. पान माझ्याच हाताने उघडून दिलं. त्यांनी ओळ वाचली. "सिस्टर, हे तुमचं अक्षर ना? पंच्याऐंशीत शेहेचाळीस. म्हणजे आज एकोणपन्नास. पाळी जायचं वयही बरोबर जुळतं. वय विचारूनच लिहिलं होतं ना तुम्ही?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही एका शब्दाचं होतं. मला पुरेसा वेळही मिळाला, कारण तेवढ्यात त्यांनी पेनात शाई भरायला घेतली. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहिते. त्या पानावरच्या चौघी. आधीच्या पानांवरच्या. अहेरीकडच्या. 'नाही' म्हटलं की ते विचारणार, मग बाकीच्यांची वयं कशी लिहिली? मग चौकशी, मग अडलेली वेतनवाढ, मग अजून दहा वर्षांची नोकरी आणि नागपूरला शिकणारी मुलगी. तिच्या दोन मुलींचा विचार त्यात नव्हता. तो घरी आल्यावर आला.

"हो," मी म्हणाले. "विचारूनच लिहितो आम्ही."

'आम्ही' म्हणाले. 'मी' सुद्धा म्हणायचं धैर्य नव्हतं.

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. ती रजिस्टरकडे बघत होती, तिला वाचता येत नसूनही.

"एकोणपन्नासचा दाखला हवा तर देतो," डॉक्टर म्हणाले.

"तो घेऊन काय करू, साहेब?"

"ते मी कसं सांगू?"

आम्ही बाहेर आलो. परतीची बस तीन वाजता होती. स्टँडवर एक कडुनिंब आहे, त्याखाली बसलो. मी पिशवीतून डबा काढला आणि तिच्यापुढे अर्धी पोळी व वरण केलं. तिने घेतली नाही.

"तुमी विचारलंच नाई, बाई."

मी डबा झाकला.

"मी सूप घेऊन बसली होती अंगनात. पोरं किती झाले, किती मेले, महिना येते का नाई. इतलंच विचारलं. मी म्हनली, का लिवलं बुकात? तुमी म्हनल्या, सुटल्या मावशी, आता तुमाले कोनी ऑपरेशनले नाई नेत. मी खुश झाली. घरी जाऊन सांगतलं मानसाले. त्यानं म्हटलं, म्हनजे तू म्हातारी झाली. तवापासून त्यानं म्हातारीच म्हटलं. मंग गेला."

"नवरा जायला माझं रजिस्टर कारण नव्हतं," मी म्हणाले. हे खरं होतं, पण त्या वेळी बोलायची गरज नव्हती.

"मी कुठी म्हनली?" ती म्हणाली. "तो जानारच होता. पन नोकरी त तुमच्या बुकानं गेली ना?"

मग तिने निराधार योजनेचं सांगितलं. नवरा गेल्यावर ती तहसीलला गेली होती. तिथल्या बाबूने विचारलं, वय किती? साठ-पासष्ट झालं असेल तर बघू. "म्हनजे पाहा," ती म्हणाली, "कामाले म्हातारी अन् पैशाले तरनी. माझं वय ज्याच्या त्याच्या सोयीचं आहे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमाले येते का अजून?"

"काय?"

"महिना."

"हो. अठ्ठेचाळीसाव्या वर्षीही येतो."

"अठ्ठेचाळीसाव्या साली?" तिने तोंडावर हात ठेवला. "बाप्पा! अन् तुमी मले मावशी म्हन्ता! आता मी तुमाले पोरी म्हनू का?"

हसणं दोघींनाही आलं, पण ते काही चांगलं हसणं नव्हतं.

बसमध्ये तिला डुलकी लागली आणि मी तिचा हिशेब मनात मांडला. पंधराव्या वर्षी पहिलं मूल. मग दर दीड-दोन वर्षांनी एक, सहा गेली. आषाढात रोवणी, गुडघाभर पाण्यात वाकून, पोटात पोर असलं तरी. भादव्यात घरातला तांदूळ संपतो आणि नवं धान यायला दोन महिने असतात. तेव्हा अंबाडी, कुड्याची फुलं, पातळ पेज, आणि नस. उन्हाळ्यात मोह, मग तेंदूपत्ता, मग रस्त्याची माती. बिनखिडकीच्या घरात चूल, सकाळ-संध्याकाळ धूर. पापणी खाली ओढून बघितली की पांढरीफटक, कागदासारखी. रक्तवाढीच्या गोळ्या मीच द्यायचे, रिकाम्या पोटी खाल्ल्या की मळमळतं म्हणून ती परत आणून द्यायची.

आणि माझं? लग्न चोविसाव्या वर्षी, दोन मुलं, दोघं दवाखान्यात. रोज डाळ. चालणं भरपूर, पण चप्पल घालून आणि पगारावर. स्टोव्ह. माझ्या ओळखीच्या गावातल्या शिक्षकांच्या बायका, तहसीलमधल्या बायका, पन्नाशीला आल्या तरी कुरकुरत असायच्या की अजून सुटका नाही. त्यांच्यात आणि हिच्यात देवाने शरीर वेगळं केलेलं नव्हतं. यातलं नेमकं काय बायकांची पाळी आधी थांबवतं, बाळंतपणं की उपास की तंबाखू की सगळं मिळून, ते मला सांगता येणार नाही. मी डॉक्टर नाही. पण जे वीस वर्षं डोळ्यांना दिसत होतं ते मी लिहिलं असतं तर ज्याला सांगता येतं त्याने निदान विचारलं तरी असतं. त्याने विचारूच नये याची व्यवस्था आम्ही केली होती, सुवाच्य अक्षरात.

पाळी लवकर गेली याचं तिला दुःख नव्हतं, हेही लिहायला हवं. उलट. रोवणीत कापडाची कटकट नाही, अजून एक पोर पुरायला नाही. शहरात राहणाऱ्या बाईला यात काहीतरी गमावल्यासारखं वाटेल. तिला वाटलं, एक काम कमी झालं. तिचं नुकसान शरीराने केलं नव्हतं, ते मी आकड्याने केलं.

साडेचारला गावात उतरलो. शाळेपाशी मुख्यसेविकेची जीप नव्हती. चार वाजताच येऊन कागद घेऊन गेली, असं शाळेच्या मास्तरांनी सांगितलं. मदतनीस म्हणून दुसरं नाव गेलं होतं, पंचवीस वर्षांची, सातवी पास, शाळेचा दाखला असलेली एक सून. तिच्यात काही खोट नव्हती. तिला पोरांची आवड नव्हती एवढंच, पण त्याची अट नव्हती.

"मी उद्या अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन बोलते," मी म्हणाले.

"काय बोलाल?"

"तुझं वय सदतीस आहे म्हणून."

"आज त तुमी एकोनपन्नास सांगतलं." ती चिडून बोलली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. "उद्या सदतीस सांगाल. परवा अजून कोनी साहेब विचारन, त मंग?"

ती गेली. तिच्या अंगणात धाकटी मुलगी कालचा मोह वाळायला पसरत होती. आईने विचारलं, आजचा कोणी वेचला? मुलगी म्हणाली, शेजारच्यांनी. आई पदर खोचून तिच्या बाजूला बसली आणि फुलं सारखी करू लागली. मी रस्त्यावरून हे सगळं बघितलं आणि उपकेंद्रात आले.

रात्री माझं जेवण झालं आणि झोपही लागली. अशा रात्री झोप लागत नाही असं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, चहा ठेवायच्या आधी मी दोन कागदांमध्ये कार्बन घातला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने पत्र लिहिलं. 'या उपकेंद्राच्या रजिस्टरात पाळी बंद झालेल्या स्त्रियांची वये मी त्यांना न विचारता लिहिली आहेत. पाळी गेली म्हणून शेहेचाळीस, असे लिहिले आहे. काल दिनांक २९ रोजी आपल्यासमोर मी विचारून लिहिल्याचे सांगितले, ते खोटे होते.' खाली आठवल्या तेवढ्या बायकांची नावं लिहिली, तिचं पहिलं. तिच्या नावापुढे वय सदतीस ते अडतीस, पाळी गेली तेव्हाचं वय सुमारे चौतीस, आणि हे वय कशावरून काढलं ते दोन ओळींत. शेवटी लिहिलं की या सर्वांची वयं पुन्हा, पाळीचा प्रश्न न विचारता, लिहायला परवानगी मिळावी. सही केली. हुद्दा लिहिला. लसीकरणाचा दिवस होता म्हणून लसीचा रिकामा डबा खांद्याला लावला आणि पहिली बस पकडली.

डॉक्टर क्वार्टरच्या पायरीवर चहा पीत होते. त्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं.

"सिस्टर, ती जागा तर काल भरली असणार. ऑर्डर निघाली असेल."

"माहीत आहे."

"मग हे देऊन त्या बाईचं काय होणार?"

"तिचं काही होणार नाही."

"तुमचं होईल. हे वर पाठवावं लागेल मला. मी अजून बघितलंच नाही असं समजा आणि घेऊन जा."

"आवक नंबर द्या साहेब," मी म्हणाले. "दुसऱ्या प्रतीवर."

त्यांनी कप खाली ठेवला, कागद माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, क्लार्क दहाला येतो. मी म्हणाले, थांबते. क्लार्क पावणेअकराला आला. त्याने पत्र न वाचता शिक्का मारला, नंबर टाकला, तारीख टाकली. मी माझी प्रत घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली, फ्रीजमधून लसी मोजून घेतल्या, बर्फ भरला आणि अकराच्या बसने परत आले. ओसरीत सात बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. हात धुतले आणि पहिलीला नाव विचारलं, पोराचं वय विचारलं, आणि तिने सांगेपर्यंत थांबले.